माध्यम साक्षरता सरावाने यावी

महोदय,

शाळेत माध्यम साक्षरतेचा तास हवा, ही आपल्या अंकातील लेखातली मागणी रास्त आहे. मात्र संकेतस्थळ विश्वासार्ह आहे का हे ओळखण्यासाठी त्याची मांडणी, शुद्धलेखन आणि ‘आमच्याविषयी’ हे पान तपासा, ही त्यातली यादी आता कुचकामी आहे. हे सगळे पान रचणाऱ्याच्याच हातात असते! स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये इतिहासतज्ज्ञ, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यपडताळक यांना संकेतस्थळे पारखायला देऊन त्यांची तुलना केली. पहिल्या दोन गटांतले अनेकजण सफाईदार मांडणीला आणि भारदस्त नावाला भुलले. पडताळक मात्र लगेच ते पान सोडून दुसऱ्या टॅबमध्ये ‘ही संस्था कुणाची?’ हे शोधू लागले. वर्गात हीच सवय लावायला हवी.

खासगीपणाचेही तेच. ‘माहिती कुणाला देऊ नका’ हे पाठ असलेला विद्यार्थी व्हॉट्सॲपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवतो, आणि कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी असेल तर सोबत अक्षांश-रेखांशही जातात. गॅलरीत फोटोचा तपशील उघडून दाखवावा, ती परवानगी बंद करून पुन्हा फोटो काढायला लावावा. जुन्या फोटोंतली नोंद त्याने पुसली जात नाही, हेही तेव्हाच सांगावे. या विषयाची लेखी परीक्षा तेवढी नको.

– एक संगणक शिक्षक