मध्यस्थ एकच, मग संतांना विनंती कशाला?

ती. बाबा आणि आईस,
सप्रेम सलाम.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलेला प्रश्न दोन मिनिटांत उरकण्यासारखा नव्हता, म्हणून लिहायला बसले. पवित्र शास्त्रातल्या पहिले तीमथ्य 2:5 मध्ये देव आणि माणसं यांच्यात मध्यस्थ एकच सांगितलाय, तो ख्रिस्त येशू. आपण प्रोटेस्टंट, माझं सासर कॅथोलिक; मग वसईत माझ्या सासरी संत गोन्सालो, संत अंतोन आणि पवित्र मरियेकडे विनंत्या कशा चालतात, असं तुम्ही विचारलंत. आईनेही मागून हळूच विचारलं, की गेलेल्या माणसांना हाक मारणं पवित्र शास्त्राला चालतं का. तुम्ही दोघं ऑक्टोबरात इथे येणार, घरात रोज संध्याकाळी जपमाळ असणार, तेव्हा हे आधीच नीट बोललेलं बरं.

आधी तुम्ही काढलेलं वचन. ते पूर्ण खरं आहे आणि कॅथोलिक मंडळीही ते तसंच मानते. फक्त त्याच अध्यायाचं पहिलं वचन पुन्हा वाचा. तिथे हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल सांगतो की सर्व माणसांसाठी विनंत्या, प्रार्थना, मध्यस्थी आणि उपकारस्तुती करा. म्हणजे एकमेकांसाठी देवाकडे रदबदली करायला सांगून मग चार वचनांनंतर तो एकाच मध्यस्थाचं नाव घेतो. मराठीत आपण दोन्हीला ‘मध्यस्थी’ म्हणतो म्हणून गोंधळ होतो. मूळ ग्रीकमध्ये हे दोन वेगळे शब्द आहेत. एक म्हणजे देव आणि माणूस यांच्यातली तुटलेली बाजू जोडणारा. ते काम क्रूसावर झालं आणि ते दुसरं कोणी करू शकत नाही. दुसरं म्हणजे कोणासाठी तरी केलेली विनंती. ती तुम्ही आयुष्यभर करत आला आहात. प्रार्थनासभेत कोणी उभं राहून ‘माझ्या मुलीच्या बाळंतपणासाठी प्रार्थना करा’ म्हणालं, तर ‘आम्हाला कशाला सांगता, प्रभूला सांगा’ असं नगरच्या आपल्या मंडळीत कोणी म्हणत नाही. याकोब 5:16 तर स्पष्टच सांगतं की एकमेकांसाठी प्रार्थना करा, नीतिमानाच्या प्रार्थनेत मोठं बळ असतं.

तेव्हा इतरांकडून प्रार्थना मागावी की नाही, यावर आपलं भांडणच नाही. ज्यांच्याकडून मागायची ते मेलेले असले तर चालतं का, इतकाच वाद उरतो. आईचा प्रश्न म्हणून मला जास्त महत्त्वाचा वाटला.

अनुवाद 18:11 मध्ये मृतांना विचारणं निषिद्ध आहे आणि तो निषेध कॅथोलिकांनाही तितकाच लागू आहे. तिथे मनाई आहे ती मेलेल्यांकडून उत्तर काढायला: अंगात आणणं, भविष्य विचारणं, गुप्त गोष्ट शोधणं. संताकडे विनंती करणाऱ्याला उत्तर नको असतं. तो बोलतो आणि थांबतो. जे करायचं ते देव करतो. कोणी ‘मला अमुक संताने कानात सांगितलं’ म्हणायला लागलं, तर तिथे गाडी रुळावरून घसरली असं समजावं.

आणि ‘मेलेले’ हा शब्दच प्रभूने खोडून काढलाय. अब्राहाम, इसहाक, याकोब यांचं नाव घेऊन तो म्हणतो की देव मृतांचा नाही, जिवंतांचा आहे (लूक 20:38). इब्री 12:1 मध्ये साक्षीदारांचा मेघ आपल्याभोवती आहे. प्रकटीकरण 5:8 मध्ये चोवीस वडिलांच्या हातात धूपाने भरलेल्या सोन्याच्या वाट्या आहेत आणि तो धूप म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना, असं तिथेच लिहिलंय. वर नेऊन ठेवलेल्या त्या प्रार्थना आपल्याच आहेत. ख्रिस्ताचं शरीर एक असेल, तर मरणाने त्यातला अवयव तुटून पडत नाही. संतांकडे प्रार्थना मागण्याचा सगळा आधार हा एवढाच आहे. ते कसं ऐकतात याची यंत्रणा पवित्र शास्त्र सांगत नाही. स्वतःच्या ताकदीने ते ऐकत नाहीत, देवात राहून देवच त्यांना कळवतो, असं मंडळीचं शिक्षण आहे. एक पापी पश्चात्ताप करतो तेव्हा स्वर्गात आनंद होतो (लूक 15:7), म्हणजे इथली खबर तिथे पोहोचते, इतकं नक्की.

ही प्रथा नंतर कोणी घुसवली असंही नाही. रोममध्ये आपियन रस्त्यावर संत सेबास्तियनच्या चर्चखाली तिसऱ्या शतकातली एक भिंत आहे. छळाच्या काळातल्या ख्रिस्ती लोकांनी गिलाव्यावर टोकदार वस्तूने नावं खरडली आहेत. त्यातली एक ओळ अशी: ‘पौला आणि पेत्रा, विक्टरसाठी मागा.’ विक्टर कोण होता ठाऊक नाही. त्याच्यासाठी कोणीतरी प्रेषितांना, बहुधा घाईघाईत, एवढं सांगून गेलं.

बाबा, तुमची बाजूही मी हलकी समजत नाही. लूथरच्या बाजूच्या लोकांनी मांडलेल्या 1530 च्या ऑग्सबुर्ग विश्वासपत्राच्या एकविसाव्या कलमात म्हटलंय की संतांची आठवण ठेवावी, त्यांच्या विश्वासाचा कित्ता गिरवावा, पण त्यांना हाक मारायला पवित्र शास्त्र शिकवत नाही. त्या काळी तीर्थयात्रा, संतांचे अवशेष आणि दंडमाफी (पापाबद्दलच्या शिक्षेतून सूट) यांच्या नावाखाली जो बाजार मांडला गेला होता तो पाहता ही सावधगिरी योग्यच होती. डिसेंबर 1563 मध्ये कॅथोलिकांच्या ट्रेंटच्या धर्मसभेने उत्तर दिलं त्यातही शब्द मोजून वापरलेत: संतांना विनंती करणं ‘चांगलं आणि उपयुक्त’ आहे, आणि कृपा मिळते ती येशू ख्रिस्ताद्वारे, जो एकटाच आपला तारणारा आहे. ‘केलंच पाहिजे’ असं तिथे कुठेही नाही. माणसाने जन्मभर फक्त प्रभूकडेच मागितलं तरी त्याचं काही उणं पडत नाही.

आता जपमाळेनंतर जी विनवणी म्हणतात ती कान देऊन ऐका, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. गोव्यात तिला लदीन म्हणतात. सुरुवातीला पिता, पुत्र, पवित्र आत्मा अशी एकेक हाक येते आणि सगळे उत्तर देतात, ‘आम्हांवर दया कर.’ मग पवित्र मरियेचं नाव येतं आणि त्याच क्षणी, त्याच चालीत, उत्तर बदलतं: ‘आम्हांसाठी विनंती कर.’ पुढे मरियेला कितीही मोठ्या पदव्या लावल्या तरी उत्तर तेच राहतं. शेवटी ‘देवाच्या कोकरा’ आलं की पुन्हा ‘आम्हांवर दया कर’. दया देवाची आणि विनंती संतांची, ही रेघ लहान मुलंही पाठांतरात ओलांडत नाहीत. मिस्सामध्येही, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेतही, असंच. संताचा सण असला तरी त्या दिवसाची मुख्य प्रार्थना पित्याला उद्देशून असते, ‘आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताद्वारे’ असं म्हणूनच संपते, आणि संताचं नाव मध्ये फक्त उल्लेखापुरतं येतं.

संत म्हणजे वशिला, हे मात्र मला मुळीच पटत नाही. ‘कलेक्टरला भेटायचं तर आधी शिपायाला गाठावं लागतं’ असं उदाहरण इथे भलेभले देतात. त्यातून देव दूरचा, कडक साहेब ठरतो आणि मरिया त्याची समजूत घालणारी. हे उलटं आहे. देवाचं मन वळवण्यासाठी संत लागत नाहीत; त्याचंच मन संतांमध्ये आलेलं असतं. काना गावचं लग्न बघा. मरिया एवढंच म्हणते की त्यांच्याकडे द्राक्षारस नाही. काय करायचं ते ती सांगत नाही, हट्टही धरत नाही, आणि येशूकडे बोट दाखवावं तसं नोकरांना म्हणते, हा सांगेल तसं करा (योहान 2:5). मागणं कसं असावं याचा यापेक्षा चांगला नमुना मला ठाऊक नाही: उणीव सांगायची, उपाय त्याच्यावर सोडायचा.

मग देवाला सगळं आधीच ठाऊक असताना (मत्तय 6:8) मागायचंच कशाला? संत ऑगस्टीनने प्रोबा नावाच्या रोमन विधवेला लिहिलेल्या पत्रात यावर उत्तर आहे. मागण्याने देवाला माहिती मिळत नाही, आपली इच्छा ताणली जाते आणि जे मिळणार आहे ते मावेल इतकी जागा आत तयार होते. दुसऱ्याकडून प्रार्थना मागताना आणखी एक गोष्ट होते. आपलं दुःख आपल्या एकट्याचं राहत नाही.

नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. प्रभू स्वर्गात गेल्यापासून पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवसापर्यंत, शिष्य मरियेसह एकचित्ताने प्रार्थना करत राहिले (प्रेषितांची कृत्ये 1:14), तिथून हा आकडा आला. मोजताना हमखास चूक होते, कारण लोक सणाचा दिवस नवात धरतात. सण दहाव्या दिवशी यायला हवा. संत फ्रान्सिस झेवियरचा सण 3 डिसेंबरला, म्हणून गोव्यात नोव्हेना 24 नोव्हेंबरला सुरू होऊन 2 डिसेंबरला संपते. गोन्सालो गार्सियासाठी 6 फेब्रुवारी धरला तर 28 जानेवारीपासून. माहीमच्या संत मायकल चर्चमधली दर बुधवारची नोव्हेना 1948 पासून चालू आहे आणि तिथे इतर धर्मांची माणसंही रांगेत असतात. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुढे चालू ठेवावी. ‘खंड पडला, फळ गेलं’ ही भीती निव्वळ अंधश्रद्धा आहे.

बिघडतं ते इथेच. हरवलेली वस्तू सापडेपर्यंत संत अंतोनची मूर्ती उलटी करून ठेवणं, ‘ही प्रार्थना नऊ जणांना पाठवा नाहीतर अनर्थ होईल’ असे व्हॉट्सॲपवरचे संदेश, नवस फेडला नाही तर संत कोपेल ही धास्ती. प्रार्थनेला मंत्र समजलं की हे सगळं मागोमाग येतं. नवसाबद्दल कॅथोलिक धर्मनियम 1191 सांगतो की नवस म्हणजे देवाला दिलेलं वचन. संताशी सौदा होत नाही. चर्चबाहेर मेणाचे हात, पाय, घरं, बाळं मिळतात. ती वाहणाऱ्याच्या मनात आभार किंवा विनंती असेल तर ठीक, किंमत चुकवल्याची भावना असेल तर ते मेण तिथेच विझलेलं बरं.

कोणाला संत म्हणायचं हेही मंडळी सैलपणे ठरवत नाही. साधारणपणे मृत्यूनंतर पाच वर्षं थांबतात, मग बिशपच्या पातळीवर चौकशी, मग रोम. हुतात्मा नसेल तर ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करायला एक चमत्कार आणि संत घोषित करायला आणखी एक लागतो. तो बहुतेकदा आजारातून बरं होण्याचा असतो आणि डॉक्टर आधी तपासतात: तत्काळ, संपूर्ण, टिकाऊ, आणि वैद्यकाने उलगडा न होणारा. त्यातही त्या रुग्णासाठी त्याच व्यक्तीकडे विनंती केली होती हे दिसावं लागतं. चार संतांना एकदम साकडं घातलं असेल तर प्रकरण तिथेच अडतं. आणि हे सगळं करून सिद्ध काय होतं, तर देवाने केलं आणि अमुक माणसाने त्यासाठी विनंती केली. सूट पोप देऊ शकतात. गोव्याच्या जोसेफ वाझ यांना 2015 मध्ये दुसऱ्या चमत्काराशिवाय संत घोषित केलं गेलं.

गोन्सालो इथलाच, वसईत जन्मलेला. तरुणपणी जपानला गेला, पुढे व्यापारही केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन संघात शिरला, पाद्री नव्हे, साधा बंधू म्हणून. जपानी भाषा येत असल्याने परत जाऊन दुभाष्याचं काम केलं. तिथे ख्रिस्ती म्हणून पकडल्यावर क्योटोत त्याच्या आणि सोबत्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, ऐन थंडीत नागासाकीपर्यंत चालवत नेलं आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी सव्वीस जणांना क्रूसावर दिलं. सर्वांत धाकटा लुई बारा वर्षांचा होता. 1862 मध्ये हे सगळे संत घोषित झाले. वसईची बाई आपल्या परदेशी गेलेल्या मुलासाठी गोन्सालोला विनंती करायला सांगते तेव्हा तिच्या मनात मूर्ती नसते. आपल्याच मातीतला, परक्या मुलखात दुसऱ्यांचे शब्द एकमेकांपर्यंत पोहोचवणारा माणूस असतो.

तुम्ही शनिवारी पोहोचाल. जपमाळेत येशू आणि मरियेच्या आयुष्यातल्या प्रसंगांचं मनन करतात, त्यांना रहस्ये म्हणतात. शनिवारी आनंदाची रहस्ये असतात आणि त्या पाचांचीही वचनं लूकच्या पहिल्या दोन अध्यायांत आहेत. पाच रहस्ये, प्रत्येकात एक ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ आणि दहा ‘नमो मारिया’, असं करत वीसेक मिनिटं लागतात. विनवणी धरून अर्धा तास. आई, गुडघे टेकायची गरज नाही, खुर्ची ठेवली आहे. ‘नमो मारिया’चा पहिला अर्धा भाग म्हणजे गब्रिएल आणि अलीशिबा यांचेच शब्द, लूक 1:28 आणि 1:42, तो तू मोकळ्या मनाने म्हणू शकतेस. दुसरा अर्धा, विनंतीचा, नको वाटला तर गप्प राहा, कोणी वळून बघणार नाही. बाबा, जपमाळ हातात घ्यायलाच हवी असं नाही. इथे प्रत्येक रहस्याआधी वचन वाचायची पद्धत आहे आणि सासूबाईंना चष्म्यानेही बारीक अक्षर दिसत नाही. तुमचं मोठ्या टाइपाचं पवित्र शास्त्र आणा आणि पाचही वाचनं तुम्हीच करा. पहिलं लूक 1:26 पासून 38 पर्यंत आहे.

तुमची,
मुलगी