काकूंची बॅग खाली द्यायच्या आधी

प्रिय पक्या,

परवा फोनवर तू सांगितलं की काकूंना बंगळुरूला घेऊन जाणार, दोघांच्या मिळून दोन केबिन बॅगाच नेणार आणि बाकीचं सामान मागाहून पार्सलनं मागवणार, म्हणजे तिकडे उतरल्यावर बेल्टपाशी उभं राहायचं काम नाही. प्लॅन चांगला आहे, पण त्यात एक गोष्ट तू धरून चालला आहे की केबिन बॅग केबिनमध्येच राहील. ते आता नक्की नसतं बे. फोनवर हे नीट सांगता येत नाही म्हणून लिहून राहिलो, लांबेल जरा, पण पूर्ण वाच, कारण काकूंची औषधं त्याच बॅगेत जाणार हे मला माहीत आहे.

होतं काय की बोर्डिंगची लाईन लागते, तेवढ्यात एअरलाईनचं एखादं पोट्टं नाही तर पोरगी टॅगचं बंडल हातात घेऊन लाईनीतून फिरते, ट्रॉली दिसली की थांबते, सर फ्लाइट फुल आहे, वर जागा नाही, ही बॅग खाली, म्हणजे विमानाच्या पोटात, द्यावी लागेल, लगेच दांड्याला टॅग लागतो, खालचा तुकडा फाडून तुमच्या हातात येतो आणि बॅग गेली. सगळं अर्ध्या मिनिटात. जागा नाही म्हणून नेली तर पैसे घेत नाहीत, त्यामुळे लोकही काही बोलत नाहीत. बॅग जड किंवा मोठी निघाली तर पैसे लागतात, ती वेगळी गोष्ट.

आता जागा का नाही, हे मी जरा खोदून पाहिलं. आपल्याकडच्या स्वस्त एअरलाईनांच्या ए३२० विमानात साधारण १८० ते १८६ सीटा असतात. विमान भरलं आणि प्रत्येकानं चाकाची ट्रॉली आणली तर जुन्या पद्धतीच्या कप्प्यांत त्या मावतच नाहीत. बोईंगनं २०१५ मध्ये ७३७ साठी नवे कप्पे आणले, त्यात बॅग कुशीवर उभी ठेवता येते आणि एका कप्प्यात ४ च्या जागी ६ बसतात, एअरबसनंही मोठे कप्पे काढले, पण ते काही प्रत्येक विमानात नाहीत. एटीआरमध्ये, म्हणजे त्या पंख्याच्या छोट्या विमानात, तर विचारूच नको, वरचा कप्पा इतका बुटका की मोठी ट्रॉली आत शिरत नाही, तिथे ती बहुतेक खालीच जाणार समज.

आणि लोकांनी सगळं हातात घेऊन चढायला सुरुवात केली ती उगाच नाही. अमेरिकेत २००८ साली तेल महागलं तेव्हा अमेरिकन एअरलाईन्सनं पहिल्याच चेक-इन बॅगेला १५ डॉलर लावले, मग एकामागून एक दुसऱ्यांनीही लावले, आणि लोक म्हणाले पैसे कशाला द्यायचे, बॅग वरच घेऊन जाऊ. आपल्याकडे साध्या तिकिटावर १५ किलो अजून फुकट मिळतं, पण २०२१ च्या फेब्रुवारीत डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्यानं, एअरलाईनांना मुभा दिली की चेक-इन सामान न नेणाऱ्याला स्वस्त तिकीट द्या. वरून बेल्टपाशी थांबायचा कंटाळा सगळ्यांनाच. म्हणजे एअरलाईननंच लोकांना हातात सामान घ्यायला शिकवलं आणि आता तेच सामान गेटवर मागून राहिले. मला त्यांचा राग जागेवरून नाही येत, जागा नाही तर नाही, विमान काही रबराचं नाही. राग येतो तो न विचारता घेण्याचा.

मी जे पाहिलं ते सांगतो. मागे मुंबईहून नागपूरला परत येत होतो, रात्रीचं विमान, एअरलाईनचं नाव लिहीत नाही. माझ्या पुढे एक आजोबा-आजी, बोलण्यावरून वर्धेकडचे वाटले, पोराकडे राहून घरी चालले होते. त्यांच्या ट्रॉलीला टॅग लागला, आजोबांनी मान हलवली, बॅग बाजूला ओढली गेली आणि लाईन पुढे सरकली. एरोब्रिजमध्ये गेल्यावर आजी एकदम म्हणाल्या, अहो इन्सुलिन? आजोबांचा चेहरा असा उतरला की मला पाहवलं नाही. मागे वळायचं तर मागून माणसं येऊन राहिली, पुढे जायचं तर औषध नाही. मी त्यांना घेऊन गेटवर परत गेलो, नशीब की बॅगा अजून तिथेच भिंतीला लावून ठेवल्या होत्या. त्या पोरीनं लगेच उघडू दिली, काही खळखळ केली नाही. आतून इन्सुलिनचा डबा निघाला, बीपीच्या गोळ्या निघाल्या, आणि कपड्यांच्या खाली नातवानं दिलेली पॉवर बँक निघाली. ती पोरगी पॉवर बँक पाहून घाबरलीच, कारण ती खाली जायलाच नको होती हे तिला माहीत होतं. माहीत होतं, पण विचारलं नव्हतं! पक्या, हेच मला खटकून राहिलं तेव्हापासून.

पॉवर बँकचं का एवढं, ते नीट समजून घे, कारण तू पण दोन-दोन घेऊन फिरतो. सुटी लिथियम बॅटरी आणि पॉवर बँक चेक-इन सामानात टाकायला जगभर मनाई आहे, ती प्रवाशाजवळ केबिनमध्येच पाहिजे. बॅटरीत आत शॉर्ट झालं की ती स्वतःच तापत जाते, एक सेल तापला की शेजारचा तापतो, आणि हे सुरू झालं की थांबवणं कठीण. केबिनमध्ये धूर लगेच दिसतो, क्रू पाणी ओतून ती थंड करू शकते, त्यांना त्याचं ट्रेनिंग असतं. खाली सामानाच्या जागेत धूर ओळखायची यंत्रणा असते, आग विझवायला हॅलॉन वायू असतो, हॅलॉननं ज्वाळा दबतात पण बॅटरीचं आतलं तापणं थांबत नाही, आणि उडत्या विमानात तिथे जाऊन पाणी टाकायला कोणी पोचू शकत नाही.

२०२५ च्या जानेवारीत दक्षिण कोरियात एअर बुसानचं ए३२१ विमान उडायच्या आधीच पेटलं, आग डोक्यावरच्या कप्प्यातल्या सामानातून सुरू झाली, सगळे जिवंत उतरले पण विमानाचं छप्पर जळून गेलं. तिकडच्या तपासणाऱ्यांनी पॉवर बँककडेच बोट दाखवलं, आणि त्या आगीनंतर कोरियात नियम आला की पॉवर बँक वरच्या कप्प्यात पण ठेवायची नाही, अंगाजवळ ठेवायची. विचार कर, जी वस्तू डोळ्यासमोर असून विमान जाळू शकते ती आपण टॅग लावून खाली पाठवून राहिलो.

अमेरिकेच्या एफएएनं, म्हणजे तिकडच्या विमान वाहतूक खात्यानं, तर साफ लिहून ठेवलंय की गेटवर केबिन बॅग खाली घेतली तर आधी त्यातल्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँका काढून प्रवाशाच्या हातात द्यायच्या. म्हणजे प्रश्न विचारणं ही काही मेहरबानी नाही, कामाचाच भाग आहे तो. तुझ्या त्या चार्जिंग पोर्टवाल्या ट्रॉलीचं पण बघ, तशा बॅगांची बॅटरी निघाली पाहिजे असा २०१८ पासून एअरलाईनांचा नियम आहे, ती खाली जाणार असेल तर बॅटरी काढून खिशात. तुझी कशी निघते ते घरीच पाहून ठेव, गेटवर झिप उसकटत बसू नको. आणि साईज समजायची तर वॅट-तासात मोजतात, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते ते, १०० वॅट-तासापर्यंत चालते, १०० ते १६० असेल तर एअरलाईनची परवानगी लागते, त्याच्या वर नाहीच. तुझी २०,००० एमएएचवाली साधारण ७४ वॅट-तास होते, म्हणजे ठीक आहे, फक्त तिच्यावरचे आकडे पुसलेले नको.

इन्सुलिनचं तर काकूंना आणि तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. ते गोठलं की वाया जातं, खाली थंडी किती पडेल याचा भरवसा नसतो, आणि बॅग दुसऱ्या गावी गेली तर त्या दिवशी काकूंनी काय घ्यायचं? विमान कनेक्टिंग असेल तर हे अजूनच जपायचं. मुंबईहून पुढे परदेशी जाणारी किती नागपूरकर मंडळी आहेत, आणि गेटवरचा टॅग शेवटच्या गावापर्यंतचा आहे की मधल्याच, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

दागिन्यांचं पण तसंच. आपल्याकडे लग्नाचं सोनं केबिन बॅगेतच नेतात, कारण ते नजरेसमोर राहतं. ती बॅग खाली गेली आणि हरवली तर देशातल्या विमानात एअरलाईनची जबाबदारी जास्तीत जास्त २०,००० रुपये. एका बांगडीचे पण नाही होत तेवढे.

बाबा सांगायचे, आपल्या सोनेगाव विमानतळावर १९४९ पासून रात्रीची टपालाची विमानं यायची, दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास चारही बाजूंनी, मध्यरात्री इथे पोत्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत चारही परत आपापल्या गावी. अर्ध्या देशाची पत्रं आपल्या नागपुरात हात बदलायची आणि कोणतं पोतं कुठं जाणार हे त्या पोत्यावर लिहिलेलं असायचं. ते आठवलं की मला वाटतं, कागदाच्या पोत्याची एवढी काळजी घेता येत होती तर एका म्हातारीच्या औषधासाठी एक प्रश्न विचारायला काय जड आहे.

त्या गेटवरच्या पोरापोरींना मी दोष देत नाही हं. विमान अर्ध्या तासात परत उडवायचं असतं, वरून वेळेचं टेन्शन, समोर दोनशे माणसं, त्यातले चार जण भांडायलाच आलेले. त्यांना वरून सांगायला पाहिजे की टॅग लावायच्या आधी विचारा, औषध आहे का, पॉवर बँक-लॅपटॉप आहे का, पैसे-सोनं-कागदपत्रं आहेत का. आणि हे मराठीत किंवा हिंदीत विचारा, कारण माईकवरची इंग्रजी अनाउन्समेंट वर्धेच्या त्या आजोबांना कळलीच नव्हती. दहा सेकंद लागतात. त्याहून चांगलं म्हणजे चेक-इन काउंटरवरच सांगायचं की आज विमान भरलेलं आहे, कोणाला बॅग फुकटात खाली द्यायची असेल तर इथेच द्या. तिथे माणूस निवांत असतो, बसून दोन वस्तू काढू शकतो, आणि पुष्कळ लोक आनंदानं देतात, मी स्वतः पाहिलंय. काही ठिकाणी विचारतात पण तसं. सगळीकडे विचारायला पाहिजे.

आपल्या लोकांनी पण थोडं समजून घ्यायला पाहिजे यार. नियम एका हँडबॅगचा आणि ७ किलोचा आहे, ५५-४०-२० सेंटीमीटरच्या आसपासचं माप आहे, आणि माणूस ट्रॉली, खांद्यावर सॅक, हातात संत्रा बर्फीचे डबे असा येतो. मग शेवटी चढणाऱ्या माणसाची जागा जाते, आणि शेवटी कोण चढतं, तर ज्याचे गुडघे दुखतात तो.

तर तू असं कर. काकूंची औषधं, इन्सुलिन, चष्मा, आधार कार्ड, घराच्या किल्ल्या, पॉवर बँक, चार्जर हे सगळं एका छोट्या कापडी पिशवीत घाल आणि ती पिशवी ट्रॉलीत सगळ्यात वर ठेव, झिप उघडली की हाताला लागली पाहिजे. कोणी टॅग घेऊन आलं की आधी पिशवी काढायची, मग बॅग द्यायची. बॅग वरच्या कप्प्यात गेली तरी पॉवर बँक तेवढी काढून अंगाजवळ ठेव. त्यांनी नाही विचारलं तरी तू सांग, एक मिनिट थांबा, औषधं काढतो, यात संकोच कसला, कोणी नाही म्हणत नाही. इन्सुलिनच्या सुयांसाठी डॉक्टरची चिठ्ठी जवळ ठेव, सिक्युरिटीत विचारलं तर दाखवता येते. काकूंसाठी व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच टाक, म्हणजे त्या आधी चढतील आणि वर जागा असतानाच बॅग ठेवता येईल. लॅपटॉप असेल तर तो पण काढून घे, खाली बॅगा कशा फेकतात ते खिडकीतून पाहिलं आहे आपण.

बॅग दिलीच तर टॅगचा तुकडा नीट ठेव, बॅगेचा टॅगसकट फोटो काढ, आणि विचार की बेल्टवर येणार की विमानाच्या दाराशी. बेल्टवर किती वेळ लागेल म्हणशील तर २०२४ च्या फेब्रुवारीत बीसीएएसनं, म्हणजे विमान सुरक्षेच्या सरकारी खात्यानं, एअरलाईनांना बजावलं होतं की विमानाचं इंजिन बंद झाल्यापासून ३० मिनिटांत शेवटची बॅग आली पाहिजे. आली नाही किंवा फुटलेली आली तर एअरपोर्टच्या बाहेर पडू नको, तिथल्याच काउंटरवर तक्रार लिहून घे, त्याला ते पीआयआर म्हणतात, त्याचा नंबर घे. घरी जाऊन फोन करू म्हटलं की मग कोणी ऐकत नाही. फुटलेल्या बॅगेची लेखी तक्रार ७ दिवसांच्या आत जायला पाहिजे, आणि एअरलाईन दाद देत नसेल तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाक.

मी पण गप्प नाही बसलो. त्या रात्रीबद्दल एअरलाईनला ईमेल लिहिला आहे, त्या पोरीची तक्रार नाही केली, उलट तिनं लगेच बॅग उघडू दिली हे लिहिलं, आणि गेटवर हे तीन प्रश्न छापून लावा म्हणून सांगितलं. उत्तर आलं ते साचेबंद, आपल्या अभिप्रायाबद्दल आभार वगैरे. परत लिहिणार आहे. तू पण प्रवास झाला की लिही, बॅग मागितली असो की नसो, विचारलं का ते लिही. दहा जणांनी लिहिलं तर कोणीतरी वाचेल.

तू कोणत्या तारखेला येऊन राहिला ते आधी कळव. बंगळुरूच्या दिवशी मी गाडी घेऊन येतो, वर्धा रोडवर सकाळी ट्रॅफिक असतं, लवकर निघू. आणि काकूंच्या डॉक्टरची चिठ्ठी मला व्हॉट्सअॅपवर पाठव, मी दोन प्रिंट काढून ठेवतो, एक पिशवीत आणि एक तुझ्या खिशात.

तुझाच दोस्त