कुलाबा किल्ल्याजवळच्या खडकांत भेटलेल्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले तर तुम्ही उठून निघून जाल, असं तुमच्या नातीने बजावलंय. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांनी वाचावं असं. तिला मोठ्याने वाचायला सांगा.

अलिबागहून ओहोटीला किल्ल्यात चालत जाणारे आम्ही लोक गणपतीला नमस्कार करतो, तटावर फोटो काढतो आणि पाणी चढायच्या आत परत फिरतो. मधला खडक म्हणजे पाय जपून टाकायची जागा, एवढंच. तुम्ही कोयतीने कालवं काढता काढता मला परातीएवढ्या एका डबक्यापाशी बसवलंत. "हलू नको, सावली पाडू नको," म्हणालात. आधी नुसतंच पाणी दिसलं. मग एक शंख चालू लागला, आत खेकडा होता. वाळू वाटत होती तिच्यातून बोटाएवढा मासा सटकला. खडकाला पाण्याबाहेर चिकटलेला तपकिरी, बुळबुळीत गोळा आणि पाण्याखाली हात पसरून भक्ष्याची वाट बघणारं समुद्रफूल हा एकच प्राणी, हे तुम्ही बोट न लावता दाखवलंत. शाळेत आम्हाला समुद्रातले देवमासे शिकवले. घोटाभर पाण्यातलं कुणी दाखवलंच नाही.

पायाला कापणारे ते पांढरे, टोकदार बार्नेकल शिंपल्यांच्या नव्हे, खेकडा-कोळंबीच्या कुळातले आहेत, असं मी नंतर वाचलं. डोकं खडकाला चिकटवून ते पायांनी पाण्यातलं अन्न गोळा करतात. फोनवर हे सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "खेकड्याचे भाऊ काय? मग कापणारच."

त्या दिवशी दगड उलटेपालटे करणाऱ्या कॉलेजच्या पोरांना तुम्ही एकेक दगड होता तसा परत ठेवायला लावलात, तेही शिव्या देत. दगडाखाली स्पंज असतात, अंडी असतात, नळीत राहणारे किडे असतात. ऊन लागलं की ते वाळून मरतात, आणि वरचं शेवाळ खाली दबलं की तेही जातं. नक्षीदार निमुळता शंख मात्र मला उचलू दिला नाहीत. बरं झालं. कोन शंखातला जीव जिवंत असेल तर विषारी डंख मारतो.

आणि तिथीचं गणित! तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ: तृतीयेला सव्वादोन, आणि ओहोटी त्याच्या साधारण सहा तास आधी, म्हणजे सकाळी आठच्या सुमारास खडक उघडे. मोबाइलमध्ये भरतीचं कोष्टक आहे, तरी मी आधी तोंडी हिशोब करून बघते. मुंबईत 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी २०१७ पासून लोकांना असे खडक दाखवतात. त्यांच्यासोबत जुहूला गेले तेव्हा कुठे बसायचं, कुठे पाय ठेवायचा, हे कुणी सांगावं लागलं नाही. ते तुमचं देणं.

डबक्यातल्या जिवांचे फोटो छापून सोबत पाठवतेय. पिवळ्या ठिपक्यांचा जो मऊ जीव आहे, तो मला अजून कुणी ओळखून दिलेला नाही. तुमच्याकडे त्याला काय म्हणतात, ते नातीकडून कळवा. पौर्णिमेनंतरच्या तृतीयेला येते आहे. कालवं विकत घेईन, फुकट देऊ नका.

तुमची,
पुण्याची चष्मेवाली