चिकाचे डाग

जळगाव,
९ जानेवारी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगितलं असतं, पण बाबा दोन वाक्यं बोलतात आणि "घे, आईशी बोल" म्हणून मोबाइल पुढे करतात. या वेळी दोघांनी मिळून ऐकावं असं काही आहे. आई, तू चष्मा लावून मोठ्याने वाच, बाबांना खाटेवर बसू दे. त्यांना वाईट वाटेल असं तुला वाटलं, तरी मधलं काही गाळू नकोस.

शेवटच्या सेमिस्टरला आम्हाला गटाने एक लघुपट करायचा आहे. आम्ही सात जण आहोत. लांबी अठरा-वीस मिनिटं, आणि प्रकार आम्हीच निवडला, थ्रिलर. पहिल्या बैठकीत पाच गोष्टी पुढे आल्या. बंद बंगला, हॉस्टेलमधला खून, अनोळखी नंबरवरून येणारे मेसेज. सगळ्या कुठेतरी पाहिल्यासारख्या. मग आमच्यातला नंदुरबारचा मुलगा म्हणाला, "गोष्टी राहू द्या. तुम्ही खरोखर कधी घाबरला होतात ते प्रत्येकाने सांगा." त्याने मिरची वाळत घालतात त्या पथारीला रात्री लागलेल्या आगीचं सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मी आपल्या बागेचं सांगितलं. मी सातवीत होते त्या वर्षीचं.

बाबा, ते मी तुम्हाला न विचारता सांगितलं. आधी त्याची माफी मागते.

काय सांगितलं तेही तुम्हाला कळायला हवं. शेतीच्या विजेची लाइन रात्रीची होती. तुम्ही जेवण करून बारा वाजता मोटार लावायला गेलात. पहाटे कडीचा आवाज झाला म्हणून मी उठले, तर तुम्ही ओट्यावर बसला होतात, पाय चिखलाने भरलेले, बॅटरी अजून चालूच. आई विचारत होती आणि तुम्ही बोलत नव्हतात. सकाळी मी हट्टाने तुमच्यामागे शेतात आले. विहिरीपासून लांब, पलीकडच्या बांधाकडून अकरा ओळी आडव्या. कमरेइतक्या उंचीवर कापलेली तीनशेच्या वर झाडं, नुकतीच निसवलेली, बोटाएवढ्या केळ्यांचे घड चिखलात, आणि प्रत्येक खुंटातून पाणी झिरपत होतं. तुम्ही एकेका खुंटावर हात ठेवत चालला होतात. मी मोजत होते.

गटातल्या चौघांना केळीतलं काही माहीत नव्हतं, म्हणून मला समजावून सांगावं लागलं. पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरात सतराशेच्या वर झाडं बसतात. केळीचं झाड आयुष्यात एकदाच घड देतं. तो तयार व्हायच्या आत झाड कापलं तर त्या झाडाचं सगळं वर्ष गेलं. बुडाशी पील, म्हणजे नवा कोंब, फुटेल, पण त्याचा घड हाती यायला पुन्हा वर्ष. हे सांगितलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, म्हणजे हा खूनच आहे. मला ते बोलणं आवडलं नाही, पण त्या क्षणी गोष्ट ठरली. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात अधूनमधून अशी बातमी पेपरात येते, चार ओळींची, शेवटी "अज्ञात इसम". त्या चार ओळींच्या पलीकडे कुणी जात नाही.

आमच्यातली जी मुलगी आवाजाचं काम बघते तिने एकच प्रश्न विचारला. "तीनशे झाडं कापेपर्यंत तुझ्या बाबांना आवाज कसा आला नाही?" मला उत्तर देता येईना. मग आम्ही जळगावजवळच्या एका शेतात, मालकाला विचारून, घड काढून झालेली खोडं कोयत्याने कापून पाहिली. बाबा, आवाज येतच नाही हो. खोड म्हणजे लाकूड नाही, पाण्याने भरलेले पापुद्रे एकावर एक. कोयता ओल्या कपड्यातून गेल्यासारखा जातो, आणि मग पानांची सळसळ होऊन झाड खाली येतं. पन्नास पावलांवर माईक ठेवला तर वाऱ्याने पानं हलली की झाड पडलं हे ओळखता आलं नाही. त्यात तुमच्या शेजारी मोटार चालू. इतकी वर्षं तुम्ही स्वतःला म्हणत आलात ना, की मला ऐकू यायला हवं होतं? आई मला सांगते. नसतंच आलं, बाबा. कुणालाच नसतं आलं.

आमच्या सिनेमाचा मुख्य प्रसंग त्यातूनच सुचला. शेतकरी विहिरीपाशी आहे, मोटार घरघरतेय. प्रेक्षकांना बागेच्या दुसऱ्या टोकाचं पान हललेलं दिसतं, त्याला दिसत नाही. तो बिडी पेटवतो, नळी सरळ करतो. प्रेक्षकांना आणखी एक झाड जाताना दिसतं. हे आम्ही पूर्ण दोन मिनिटं ताणणार आहोत. आणि मग लाइन जाते. मोटार थांबते. एकदम शांतता, आणि त्या शांततेत कोयत्याचे आणखी दोन घाव ऐकू येतात, मग तेही थांबतात. शेतकरी अंधारात ओरडतो, "कोन शे रे तठे?" सरांनी वर्गात शिकवलं होतं की दचकवणं सोपं आहे, पण जे बघणाऱ्याला माहीत आहे आणि पडद्यावरच्या माणसाला माहीत नाही, त्याने जीव टांगणीला लागतो. ते मला आता कळलं.

तयारी जमेल तितकी चोख केली आहे. प्रत्येक दृश्याची चित्रं कागदावर काढली, हात-पाय म्हणजे नुसत्या काड्या, पण कॅमेरा कुठे आणि माणूस कुठे ते कळतं. एकूण ६४ शॉट झाले. रात्रीचं सगळं रात्री घ्यायचं नाही हे ठरवायला आम्हाला दोन आठवडे लागले. कॅमेरा भाड्याचा, दिवे दोनच, आणि काळोखात घेतलेलं चित्र दाणेदार होतं. म्हणून लांबचे शॉट सूर्य बुडाल्यावर जी वीस-पंचवीस मिनिटं निळसर उजेड राहतो तेवढ्यात घ्यायचे. रोज वीस मिनिटं, म्हणजे चार संध्याकाळ. दिवसभर त्या वीस मिनिटांची तालीम. जवळचे शॉट भर दुपारीही चालतील, कारण दाट बागेत पानांच्या छताखाली दुपारी बारालाही सावलीच असते, हे तुम्हाला सांगायला नको. विहिरीवरच्या खोलीतला एलईडी दिवा कॅमेऱ्यात लुकलुकतो, त्यासाठी शटर एक-पन्नासांश सेकंदावर ठेवावा लागतो, आपली वीज ५० हर्ट्झची आहे म्हणून. पहिल्या चाचणीत हे कळलं नव्हतं, सगळं चित्रीकरण टाकून द्यावं लागलं. त्या दिवशी आमच्यात मोठं भांडण झालं. दोघं तर गट सोडायला निघाले होते. रात्री सगळे विद्यापीठाच्या गेटबाहेर चहाला बसलो आणि कुणी कुणाचं काम करायचं ते पुन्हा नव्याने लिहून काढलं. तेव्हापासून बरं चाललंय.

मालेगावच्या मंडळींनी सायकलवर कॅमेरा बांधून आणि बैलगाडीची क्रेन करून सिनेमे काढले. आम्हीही सरकत्या शॉटसाठी पाइपांचे रूळ करणार आहोत. गोठ्यामागे अडीच इंची पाइप पडले आहेत, ते अजून आहेत का?

आता चिकाचं. आई, हे तुझ्यासाठी.

केळीचा चीक कपड्याला लागला की जन्मात निघत नाही. त्या वेळी मला वाटलं होतं की ज्याच्या सदऱ्यावर ताजे डाग, तोच. मी वही घेऊन गल्लीतल्या दोऱ्यांवर वाळत घातलेले सदरे बघत हिंडले होते. एका अंगणात मला तसा सदरा दिसला. पळत घरी येऊन तुझ्या कानात नाव सांगितलं, तर तू माझ्या तोंडावर हात ठेवलास. बाबा मोरीत हात धूत होते. त्यांनी मागे न बघता म्हटलं, "डाग ते समदास्ना कपडास्वर शेतस." आणि स्वतःचा सदरा काढून तुझ्याकडे दिला. त्याच्यावरही होतेच.

सिनेमातली मुलगी हेच करते. वही घेऊन फिरते, आणि प्रेक्षकांना वाटत राहतं की आता सापडेल. म्हणून मला तुझ्याकडून नेमकं हवं आहे. ताजा चीक पाण्यासारखा दिसतो, तो काळपट व्हायला किती वेळ लागतो? उन्हात लवकर होतो की सावलीत? साबण लावला तर आणखी गडद होतो असं तू म्हणायचीस, ते खरं ना? आम्ही एकसारखे सहा पांढरे सदरे घेतलेत, कारण डाग पडला की तोच शॉट त्याच सदऱ्यावर दुसऱ्यांदा घेता येत नाही. आमच्या खर्चातली ही सगळ्यात मोठी रक्कम. प्रत्येकाने पंधराशे रुपये काढलेत, तेव्हा सदरा वाया गेलेला परवडणार नाही.

शेवटावरून गटात सगळ्यात जास्त वाद झाला. तिघांचं म्हणणं, थ्रिलर आहे, गुन्हेगार पकडला गेलाच पाहिजे. पोलीस, बेड्या, गावाची गर्दी. मी अडून बसले. बाबा, गाव तुमच्या दारात आलं होतं, नाव घ्या म्हणत होतं. पंचनामा करायला आलेल्यांनीही विचारलं, संशय कुणावर? तुम्ही नाही म्हणालात. मला तेव्हा तुमचा राग आला होता. खूप वर्षं होता. भाऊ तर तुमच्याशी महिनाभर बोलला नव्हता.

पण पुढच्या वर्षी कापणीला तुम्ही कुणाकुणाला बोलावलंत ते मला आठवतं. बांधावर घड वाहायला कोण होतं, आणि दुपारी तुम्ही आपल्या डब्यातली कळण्याची भाकरी कुणाच्या हातावर ठेवलीत, आणि तो माणूस ती न खाता किती वेळ तसाच उभा राहिला, ते मी पाहिलं आहे. मी पाण्याची कळशी घेऊन तिथेच होते. तुमच्या दोघांत एक शब्द झाला नाही. त्यानंतर आपल्या बागेला कधी कुणी हात लावला नाही.

हा आमचा शेवट आहे. बेड्या नाहीत. एक भाकरी, आणि ती हातात घेऊन उभा असलेला माणूस. मी हे सांगितल्यावर वाद घालणारे तिघंही गप्प झाले. माणसाचा चेहरा दाखवायचा नाही, फक्त हात आणि सदऱ्याची बाही, हे त्यांनीच सुचवलं. नाव मी गटात कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. तुम्हालाही विचारणार नाही. गावात कुणी ओळखू नये म्हणून गोष्टीतल्या घराची रचना, माणसांची वयं, नाती, सगळं बदललं आहे. पटकथा सोबत पाठवते आहे. तरीही कुठे कुणाचं घर उघडं पडतंय असं वाटलं तर त्या पानावर खूण करा, ते पान आम्ही काढून टाकू.

बाबा, आता विचारते. २४ तारखेपासून चार दिवस आपली बाग द्याल? कांदेबाग केळीची कापणी आटोपत आली असेल. घड काढलेली खोडंच आम्ही कापू, ती तुम्हाला तशीही कापायचीच असतात. उभ्या झाडाला धक्का लागणार नाही याची जबाबदारी माझी. कोयता धार काढलेला एकच असेल आणि तो फक्त खोड कापताना बाहेर येईल, बाकी वेळी पुठ्ठ्याचा. पोलीस पाटलांना आणि आजूबाजूच्या शेतवाल्यांना आधी सांगून ठेवू, नाहीतर कोयता घेतलेली पोरं बागेत बघून लोक काठ्या घेऊन धावतील. सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्या फिरतो हे तुम्ही म्हणालच. अंधार पडला की आम्ही विहिरीच्या खोलीपलीकडे जाणार नाही, बूट सगळ्यांना सक्तीचे. त्या आठवड्यात लाइन रात्रीची आहे की दिवसाची तेवढं विचारून ठेवा. मोटार चालू असली की आवाज घेता येत नाही, आणि एका प्रसंगासाठी मात्र ती चालूच हवी.

तुम्ही नको म्हणालात तर नको. गटाला मी तसं सांगून ठेवलं आहे. उत्तर येईपर्यंत कुणी पुढचं काही करणार नाही, आणि मग आम्ही दुसरी गोष्ट शोधू. मिरचीच्या पथारीची आहेच.

आणि हो म्हणालात, तर आणखी एक मागणं आहे. शेतकऱ्याचं काम करणारा मुलगा धुळ्याचा आहे. कामाला चांगला, चालणं-बसणं अगदी तुमच्यासारखं उचललंय. पण ती अंधारातली हाक त्याला येत नाही. ओरडतो तेव्हा रागावल्यासारखा वाटतो. त्या रात्री तुम्ही हाक मारली होती की नाही, मला माहीत नाही. मारली असेल तर ती रागाची नसणार. ती एक हाक तुमच्या आवाजात हवी आहे. चेहरा दिसणार नाही, नाव हवं तरच घालू. विहिरीपाशी उभं राहून एकदा म्हणायचं, बस.

आई, सात जणांचा स्वयंपाक एकटीने करायचा नाही. मुलं भाजी चिरतील, भांडी घासतील, तसं ठरलंय. मुली माजघरात झोपतील, मुलं धाब्याच्या छतावर. एक दिवस भरीत मात्र तुझ्या हातचं, तुरीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं.

पत्र मिळालं की फोन करा. बाबा, तुम्ही करा, आणि या वेळी मोबाइल आईकडे देऊ नका.

तुमची धाकटी