सर्व्हेवाल्यांना गेटवरून परत पाठवू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

महागाईचा आकडा पेपरात आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ठरलेला मेसेज पडतो, हे लोक एसीत बसून आकडे काढतात, एकदा बाजारात या म्हणावं. ऑक्टोबर 2025 चा 0.25 टक्के आला तेव्हा तर दिवसभर ग्रुप पेटला होता. मलाही तो पटला नव्हता. पण हा आकडा कुठून सुरू होतो ते मी माझ्याच हॉलमध्ये बघितलंय, म्हणून लिहितेय.

2024 च्या मार्चमध्ये सरकारच्या घरखर्चाच्या सर्व्हेसाठी एक मुलगी आमच्या टॉवरला आली होती. पाऊण तास गेटवर उभी, यादीतल्या दोन घरांनी इंटरकॉमवरूनच नको सांगितलेलं, ओळखपत्र दाखवून दाखवून बिचारी थकली होती. मग आमच्याकडे आली. टॅब काढला आणि सुरू, तांदूळ किती, त्यात रेशनचा किती, डाळी महिन्याच्या, भाजी-फळं-मासे मात्र गेल्या सात दिवसांचे. मी ठोकून सांगितलं, भाजी सहाशेची. ती म्हणाली, काकू ॲपवरून काही मागवता का? फोन उघडला तर आठवड्यात पाच ऑर्डरी, कोथिंबीर, मशरूम, लिंबं, असंच किरकोळ, आणि बेरीज 1,740 रुपये! वीस वर्षं घर चालवतेय आणि मला माझाच खर्च माहीत नव्हता. ती एकूण तीन महिने तीनदा आली, एकदा खाणंपिणं, एकदा फी-औषधं-प्रवास, एकदा कपडे-फ्रिज वगैरे.

आता बघा, महागाई मोजताना कशाला किती वजन द्यायचं ते याच सर्व्हेवरून ठरतं. 2017-18 च्या सर्व्हेचा निकाल सरकारने बाहेरच काढला नाही, त्यामुळे इतकी वर्षं 2011-12 च्या खर्चावर गाडी चालली होती, टोपलीत, म्हणजे ज्या वस्तूंचे भाव बघतात त्या यादीत, व्हीसीआर आणि टेपरेकॉर्डरसुद्धा होते. खाण्यापिण्याचं वजन 45.86 टक्के होतं, आता 2024 हे पायावर्ष, म्हणजे तुलनेचं वर्ष धरून जी नवी मालिका काढलीय तिच्यात ते 37 च्या आसपास आलंय. भाजी स्वस्त झाली की आख्खा आकडा खाली आणि फी-भाडं वाढलं तरी दिसायचं नाही, ते त्या जुन्या वजनामुळेच.

2023-24 ला देशभरातून 2,61,953 घरं घेतली, त्यात शहरातली 1,07,596. म्हणजे एक घर शेकडो घरांच्या वतीने मोजलं जातं. शहरात गाडी आहे का, केवढ्याची, यावरून घरांचे गट पाडतात, मुद्दाम, की वरच्या वर्गाचा खर्च सुटू नये. आणि नेमके तेच गेटवर अडवतात! ठाण्यात घोडबंदर रोडला काय, नवी मुंबईत पाम बीचला काय, सगळीकडे हेच. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधून दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी 1971 मध्ये गरिबीचा अभ्यास मांडला, शहरात माणशी महिना साडेबावीस रुपयांची रेषा, तोही अशाच घरोघरच्या पाहणीवर उभा होता. तेव्हा लोकांनी दार उघडलं म्हणूनच ना.

माहिती बाहेर जाईल, इन्कम टॅक्सवाले येतील ही भीती मला खूप जणांनी बोलून दाखवली. 2008 च्या सांख्यिकी कायद्याने ती माहिती गुप्त ठेवायचं बंधन आहे. ओळखपत्र जरूर तपासा, फोटो काढून ठेवा, पण वर सोडा.

तुमच्या पेपरच्या ठाणे आणि नवी मुंबईच्या पानावर हे एकदा ठळक छापा ही विनंती. आमच्या कमिटीला मी लेखी दिलंय की सर्व्हेवाल्यांसाठी वॉचमनच्या केबिनमध्ये वेगळी वही ठेवा आणि बसायला एक खुर्ची द्या, येत्या रविवारच्या मीटिंगमध्ये विषय आहे.

आपली,
एक गृहिणी, मानपाडा, ठाणे