वैद्य मॅडम, आईंच्या हातांसाठी आभार

आदरणीय वैद्य मॅडम,
सप्रेम नमस्कार.

दवाखान्यात तुमच्यासमोर बसलं की आभाराचं बोलणं राहूनच जातं. मागे पेशंट खोळंबलेले असतात, आणि तुम्ही विषय पुन्हा आईंच्या भुकेवर, झोपेवर नेता. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांना वाचता येईल असं. नाशिकमध्ये आमवाताने, म्हणजे सांधे सुजवून आखडवणाऱ्या संधिवाताने, हैराण झालेली घरं कमी नाहीत, आणि ती माणसं कुठे कुठे फिरतात ते मी जवळून पाहिलंय.

आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, आयुष्य दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत गेलं. ऑक्टोबर छाटणीनंतर घडांची विरळणी असते, ती बोटांनी आणि बारीक कात्रीने. तीच बोटं आधी सुजली, दोन्ही हातांची सारखीच. मग मनगटं, मग पावलं. सकाळी कपबशी धरवेना, वेणी घालता येईना. रक्तात आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, म्हणजे या आजाराच्या दोन्ही खुणा, वाढलेल्या निघाल्या, संधिवाताच्या तज्ज्ञांनी मेथोट्रेक्झेट हे आजार आटोक्यात ठेवणारं औषध सुरू केलं.

तुमच्याकडे आलो तेव्हा पिशवीत त्या गोळ्या होत्या आणि कुणीतरी ओळखीतून आणून दिलेल्या पुड्याही. पुडी घेतली की दुखणं थांबायचं, पण आईंचा चेहरा सुजून गोल झाला होता, साखर चढली होती. तुम्ही पुडी उलटसुलट करून पाहिलीत. ना घटक लिहिलेले, ना बनवणाऱ्याचं नाव. "यात स्टेरॉइड असावं अशी मला दाट शंका आहे, पण म्हणून आजच एकदम बंद करू नका," असं म्हणून तुम्ही त्याच दिवशी फिजिशियनच्या नावे चिठ्ठी दिलीत. बरेच दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं आणि अचानक तोडलं तर जिवावर बेतू शकतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. आयुर्वेदाच्या नावाने खपवलेल्या पुडीबद्दल आयुर्वेदाच्याच वैद्याने इतकं स्पष्ट बोलावं, तिथेच माझा तुमच्यावर विश्वास बसला.

मेथोट्रेक्झेटला तुम्ही हात लावला नाहीत. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी चुकून रोज घेतली जात नाही ना, हे मात्र आधी विचारलंत. आईंनी मनाने चालवलेला गुळवेलीचा काढाही थांबवलात, कारण यकृताच्या तपासणीतले आकडे वर गेले होते. तुम्ही दिलेलं प्रत्येक औषध कागदावर लिहून तज्ज्ञांना दाखवायला लावलंत, आणि एकदा स्वतः त्यांना फोनही केलात. महाराष्ट्राचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून याच शहरात आहे, एमबीबीएस आणि आयुर्वेदाची बीएएमएस दोन्ही पदव्या तिथूनच दिल्या जातात. तरी पेशंटने मात्र दोघांपैकी एकाला लपवून दुसऱ्याकडे जायचं, हे किती घरांत चालतं! आमच्या घरातली ती लपवाछपवी तुमच्या त्या एका फोनने संपली.

पहिल्या दिवशी तुम्ही नाडी आणि जीभ पाहिलीत, आणि मग किती वेळ नुसतं विचारत होतात. सकाळी मूठ मिटायला किती वेळ लागतो? भूक लागते की वेळ झाली म्हणून जेवता? भरपेट जेवून लगेच बागेत जायचात का? आई म्हणाल्या, "विंचू डसल्यासारखं होतं." माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात आमवाताच्या वेदनेला हीच विंचवाची उपमा दिली आहे, असं तुम्ही सांगितलंत तेव्हा आईंचे डोळे भरून आले. इतके दिवस त्यांना वाटत होतं, आपण दुखणं वाढवून सांगतोय असं घरच्यांना वाटतं.

मला तर वाटलं होतं, आता मालिश सुरू होणार. तुम्ही तेलाची बाटली कपाटात ठेवायला सांगितलीत. जिभेवर पांढरा थर आहे, अंगात आम, म्हणजे नीट न पचलेल्या अन्नाचा अंश, आहे, तोवर तेल चोळून सूज वाढेल, कोरडाच शेक द्या. मग बारीक वाळू आणून, धुऊन, वाळवून, लोखंडी कढईत तापवून तिच्या पुरचुंडीने शेक. प्यायला सुंठेचं पाणी. रात्री हलकं, गरम, लवकर. दही आणि उडदाचे पापड बंद, म्हणजे नाशिकच्या माणसाची अर्धी मिसळच गेली, पण आईंनी ते पाळलं. एरंडेल तुम्ही दिलंत ते भूक सुधारल्यावर, पोट पाहून, तुमच्या देखरेखीखाली. शेजारणीने तेच स्वतःसाठी मागितलं तर तिला आधी तपासायला या म्हणालात.

आणि तुम्ही खोटी आशा दिली नाहीत. चरकांनी साध्य-असाध्य ठरवताना याप्य असाही एक वर्ग केला आहे, पथ्य आणि औषध चालू असेपर्यंत ताब्यात राहणारे आजार. आईंचा आजार त्यातला, हे तुम्ही आईंनाच सांगितलंत, आम्हाला बाजूला घेऊन नाही. त्या दिवशी आई गप्प होत्या. दुसऱ्या दिवसापासून मात्र शेकाची कढई त्यांनी स्वतः मांडायला घेतली.

आज सकाळचं आखडणं चहा होईपर्यंत ओसरतं. सूज उतरलीय, यकृताचे आकडे पुन्हा जागेवर आलेत. त्यात गोळीचा वाटा किती आणि पथ्याचा किती, हे मी कसं सांगणार? तुम्हीही श्रेय कधी मागितलं नाहीत. वाकडी झालेली करंगळी तशीच आहे, ती सरळ होणार नाही हे तुम्ही आधीच बोलला होतात. पण आई आता स्वतःची वेणी स्वतः घालतात. त्यासाठी मी तुमची किती ऋणी आहे, ते तोंडी सांगायला मला कधी जमलं नसतं.

थंडी सुरू व्हायच्या आत आईंना घेऊन येते. रक्ताचे नवे रिपोर्ट आणि तज्ज्ञांचा कागद बरोबर आणते.

आपली कृतज्ञ,
आईंची सून, मखमलाबाद रोड, नाशिक