पातेल्याला विचारून ठरवायची बिअर

मिनिआपोलिस,
शनिवार रात्र

प्रिय विन्या,

छोट्या पातेल्यात घरी बिअर कशी करायची, याबद्दलचे तुझे सगळे प्रश्न वाचले. फोनवर बोललो तर आकड्यांचा गोंधळ होईल, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिलं म्हणजे मोठी केटल (बिअर उकळायचं भांडं) घ्यायचा विचार डोक्यातून काढ. अपार्टमेंटच्या शेगडीवर २५ लिटर वॉर्ट (धान्याचं गोड पाणी, ज्याची पुढे बिअर होते) धड उकळत नाही, नुसतं रटरटत राहतं. शिवाय ती केटल ठेवायची कुठे, यावर वहिनींचं उत्तर तुला माहीत आहे. तुझं चार गॅलनचं स्टीलचं पातेलं, म्हणजे १५ लिटर, भरपूर झालं. फक्त कुठली बिअर करायची ते पातेल्याला विचारून ठरवायचं.

रेसिपी बहुतेक पाच गॅलनच्या असतात, कारण सोड्याचे जुने केगही (बिअर भरून ठेवायचे डबे) तेवढेच. तू म्हणतोस, सगळं निम्मं करतो. मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि हॉप्स (कडूपणा देणारी फुलं) खुशाल निम्मे कर, पण पाण्याचं गणित तसं चालत नाही. किती आटणार हे पातेल्याच्या तोंडावर आणि आचेवर ठरतं, आत किती भरलंय त्यावर नाही. मोठ्या बॅचमध्ये तीन लिटर आटले तर जाणवत नाही; तुझ्या दहा लिटरांत तेच तीन लिटर सगळा हिशेब बिघडवतात. म्हणून आधी नुसतं पाणी तासभर उकळ. लाकडी उलथन्याच्या दांड्यावर लिटरालिटराच्या खुणा करून ठेव, आधी आणि नंतर बुडवून बघ. मोजणी दोन्ही वेळा गार पाण्याची कर. उकळतं पाणी चारेक टक्के फुगलेलं असतं.

मग हिशेब उलटा, शेवटाकडून मांडायचा. समजा फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) नऊ लिटर हवी. तळाचा गाळ एक लिटर. म्हणजे उकळून झाल्यावर दहा. आटणार तीन, म्हणजे उकळायला १३. मॉल्ट दोन किलो धरलं तर ते भिजवायची कापडी पिशवी पिळूनही किलोमागे ०.७ लिटर पाणी त्यातच राहतं. एकूण पाणी १४.४ लिटर. मावेल असं वाटतं ना? नाही मावत. मॉल्टही जागा खातं, किलोला साधारण दोन तृतीयांश लिटर. बेरीज जाते पावणेसोळाच्या घरात. म्हणून तीन लिटर पाणी बाजूला काढायचं, ११.४ लिटरमध्ये ६७ अंश सेल्सिअसवर तासभर मॅश करायचं (म्हणजे मॉल्ट गरम पाण्यात भिजत ठेवायचं), पिशवी चक्क्यासारखी टांगायची आणि राखलेलं गरम पाणी तिच्यावरून हळूहळू ओतायचं.

यातलं दोन किलो मी हवेत काढलेलं नाही. किलोभर पेल (फिकट) मॉल्टमधून एका लिटरमागे जास्तीत जास्त ३०० पॉइंट मिळतात (पॉइंट म्हणजे वॉर्टची घनता पाण्याच्या १.००० पेक्षा किती हजारांश जास्त ते). पिशवीच्या पद्धतीत ७० टक्के हाती लागले की पुष्कळ, म्हणजे २१०. दोन किलोचे ४२०, दहा लिटरात वाटले की १.०४२. हा झाला इंग्लिश बेस्ट बिटर. मारिस ऑटर (पेल मॉल्ट) १.८५ किलो, क्रिस्टल मॉल्ट १५० ग्रॅम, ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स २५ ग्रॅम पूर्ण तासभर उकळायचे (त्यांतलं कडू अल्फा आम्ल पाच टक्के असेल तर). पहिल्यांदा हीच कर. छोट्या पातेल्याचं सोनं अशा हलक्या बिअरमध्येच होतं, आणि माझ्या मते प्यायलाही हीच उत्तम, पण तू ऐकणार नाहीस.

तुला इम्पीरियल स्टाउट (काळी, जोरदार बिअर) हवी. १.०९५ ला दहा लिटर म्हणजे ९५० पॉइंट. मॉल्ट एवढं चढलं की उतारा ६० टक्क्यांवर येतो, म्हणजे सव्वापाच किलो मॉल्ट लागेल. ते तुझ्या पातेल्यात मॅश होणार नाही. तीन किलोच मॅश कर आणि उरलेल्यासाठी किलोभर सुकं मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट (वॉर्टची भुकटी) घाल, तेही उकळी संपत आल्यावर, गॅस बंद करून, ढवळत. ऑल-ग्रेनवाले (नुसत्या धान्याचीच बिअर करणारे) नाक मुरडतील, मुरडू देत. दुसरी वाट बेल्जियन ट्रिपेलची: त्यात थोडी साखर परंपरेनेच असते, आणि साखरेला मॅशमध्ये जागा लागत नाही.

वॉर्ट घट्ट उकळून नंतर गार पाणी घालून वाढवायची युक्तीही चालते. पाणी आधी उकळून गार केलेलं असू दे. मात्र घट्ट वॉर्टमध्ये हॉप्सचा कडूपणा कमी उतरतो. टिन्सेथच्या (कडूपणा मोजायच्या) सूत्राने १.०५० वरून १.०८० वर गेलास तर जवळपास पावभाग जातो. तेवढे हॉप्स वाढव.

आणि हो, तुमच्या अलाबामात २०१३ पर्यंत घरी बिअर करायला कायद्याने बंदी होती, अध्यक्ष कार्टरसाहेबांनी १९७८ सालीच परवानगीच्या कायद्यावर सही केली होती तरी. तेव्हा तू योग्य वेळी तिथे बदली घेतलीस.

पातेल्याची उंची, तोंडाचा व्यास आणि तासाला किती आटलं ते कळव. उंची विचारतोय ती फेसासाठी. पहिल्या उकळीला तो एकदम वर येतो, तेव्हा दोनेक बोटं जागा पाहिजेच. आकडे आले की स्टाउटचं पाणी तुला पक्कं काढून देतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना पापा.

तुझा,
नंदू